पोकळ उतरंड

१

पार्सल ऑफिसचं शटर वर गेलं की पहिलं वजन सुनेचं व्हायचं. जमिनीतल्या मोठ्या काट्यावर ती चपला काढून उभी राहायची, मॅनेजर चष्मा कपाळावर सरकवून आकडा बघायचे आणि म्हणायचे, "चला, काटा शुद्धीवर आहे." तिचं वजन गेल्या कित्येक वर्षांत हललं नव्हतं. काटा तपासायची खरी वजनं कपाटात कुलूपबंद होती आणि कुलपाची किल्ली शोधण्यापेक्षा सुनेला उभं करणं सोपं होतं. ऑफिसात तिला काटेवाली म्हणत. गल्लीत आणि घरात ती सूनबाई होती. आपणही तिला सूनच म्हणू, कारण ही गोष्ट घरातली आहे.

दिवसभर तिच्या हातून खोकी जायची. खोकं उचललं की आत काय असेल ते तिच्या मनगटाला आधी कळायचं आणि काट्याला मागून. "कपडेच आहेत हो," म्हणत पुस्तकं पाठवणारं गिऱ्हाईक तिच्यापुढे टिकत नसे. पोकळ खोकं रस्त्यात चेपतं म्हणून मोकळी जागा राहिली की ती कागदाचे बोळे कोंबायची. हे ती झोपेतसुद्धा करू शकली असती.

घरी सासूबाई पलंगावर होत्या. स्टुलावर चढून माळ्यावरचं काहीतरी काढायला गेल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, पण उठायची परवानगी अजून नव्हती. बाई आडव्या अंगाची, आवाजही तसाच. "या घरात दोनच गोष्टी जागच्या हलत नाहीत, लोखंडी कपाट आणि आई," असं तिचा नवरा म्हणायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना सारखं कुशीवर वळवावं लागे आणि त्याला सून आणि नवरा दोघंही लागत. पलंग असा करकरायचा की शेजारच्या शिलाईकाकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "झालं का गं वळवून?"

त्यात फुलांचा सण आला. हा बायकांचा सण. पुरुषांनी फुलं आणून द्यायची आणि बाजूला व्हायचं. प्रत्येक घरची मोठी बाई परातीत फुलांची उतरंड लावते. खाली झेंडूचं रुंद कडं, वर तेरड्याचं, वर शेवंतीचं, असं निमुळतं होत जातं आणि माथ्यावर भोपळ्याचं पान ठेवून त्यावर एक पिवळं फूल. रोज संध्याकाळी सगळ्या उतरंडी मैदानात मधोमध ठेवायच्या, भोवती फेर धरून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची. घरी आणलेली उतरंड जिच्या नावाची तिच्या उशाशी राहते. दुसऱ्या दिवशी भोवतीनं ताज्या फुलांचा एक थर चढतो, आणि शेवटच्या दिवशी ती तळ्यात सोडतात. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

"यंदा तू लाव," त्या म्हणाल्या. "हात तुझे, नाव माझं."

"मला कुठे येतं, आई?"

"खोकी बांधतेस ना? तसंच. फक्त आतून ठासून भर. त्याच फुलांचे देठ, त्यांचीच पानं, बारीक चिरून. पोकळ ठेवायची नाही."

"ठेवली तर काय होतं?"

"ठेवतच नाहीत," सासूबाई म्हणाल्या. जणू कुणी विचारलं होतं, दार न उघडता बाहेर पडलं तर काय होतं.

त्या दिवशी ऑफिसात माल उशिरा आला. सून घरी पोचली तेव्हा गल्लीत बायका नटून उभ्या होत्या. तिनं स्वयंपाकघरात बसून देठ चिरायला घेतले. बोटं हिरवी झाली, तरी परातीच्या तळालासुद्धा पुरेल एवढं चिरून झालं नव्हतं. शिलाईकाकूंनी दारातून हाक मारली. तेव्हा तिची नजर फळीवरच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर गेली. पत्र्याचा, उंच, गोल, घट्ट झाकणाचा.

डबा परातीत उभा केला आणि भोवती फुलं रचून दोरा गुंडाळत गेली. बघता बघता उतरंड उभी राहिली, अशी सरळ की गल्लीत तशी दुसरी नव्हती. उरलेले देठ आणि पानं कचऱ्याच्या पिशवीत गेली.

"भरलीस ना गं?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"भरली," सून म्हणाली.

२

पहिल्या संध्याकाळी सगळं छान झालं. उतरंड एका हातावर पेलत ती मैदानात गेली. बायकांनी वाखाणणी केली. शिलाईकाकू म्हणाल्या, "पोरीनं सासूचं नाव राखलं." परत आल्यावर तिनं ती सासूबाईंच्या पलंगाला लागून स्टुलावर ठेवली. त्यांनी मान वळवून कितीतरी वेळ बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनेला तेव्हा जरा अपराधी वाटलं, पण दमलेल्या माणसाला अपराधी वाटायलाही फार वेळ नसतो.

दुसऱ्या संध्याकाळी ताजा थर चढवून तिनं परात उचलली आणि तिचं मनगट थबकलं. तिला दुसरा हात लावावा लागला. ताजी फुलं आहेत, वरून पाणी शिंपडलंय, तिनं स्वतःला सांगितलं. भिजलेलं पार्सल जड होतं, यात नवल काय? हिशेब बरोबर होता. फक्त मनगटाला तो पटला नाही.

रात्री सासूबाईंना वळवताना आणखी एक गोष्ट झाली, म्हणजे खरं तर झाली नाही. पलंग करकरला नाही.

"तेल घातलंस वाटतं?" नवऱ्यानं विचारलं.

"मी कुठे? मला वाटलं तुम्ही घातलंत."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग फुकटात काम झालं असेल तर चौकशी कशाला, अशा बेतानं दोघंही झोपायला गेली. भिंतीपलीकडून त्या रात्री कुणी काही विचारलं नाही.

३

त्यानंतरच्या सकाळी नवरा लवकर कामावर गेला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि सणासुदीला लिफ्ट हटकून अडकतात. सासूबाईंना वळवायची वेळ झाली. सुनेनं एकटीनंच करून बघायचं ठरवलं, कंबर कसली, एक हात खांद्याखाली घातला, एक मांडीखाली, आणि जोर लावला. सासूबाई इतक्या पटकन वळल्या की भिंतीवर आपटायच्या राहिल्या.

"अगं, हळू!" त्या हसत म्हणाल्या. "बळ आलं की सुनेला!"

"लागलं का हो?"

"लागतंय कुठलं? दुखतच नाही आता. कसं हलकं हलकं वाटतंय बघ."

सुनेनं त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या वाळल्या असत्या तर तिला समजलं असतं. आजारात माणसं वाळतात, तो नियमच आहे. पण गाल तसेच भरलेले होते. मनगटात बांगड्या तशाच रुतल्या होत्या. मग तिला उशी दिसली. सासूबाईंचं डोकं उशीवर होतं आणि उशीला खळगा पडला नव्हता. गादीही तशीच. अंथरुणावर कुणी निजलेलं आहे हे अंथरुणाला ठाऊकच नसावं, तशी सपाट.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं आईला वळवून बघितलं आणि खूश झाला. "दवाखान्यातून आईचा व्यायाम करून घ्यायला येते ती मुलगी हुशार आहे. आई स्वतःच अंग उचलतेय, आपल्याला कळत नाही एवढंच. आमच्या लिफ्टचंही तसंच. पलीकडं वजन लावलेलं असतं म्हणून इकडं लिफ्ट हलकी वाटते."

"पलीकडं म्हणजे कुठे?"

"मागच्या बाजूला. दिसत नाही ते. पाणी दे जरा."

तिनं पाणी दिलं. मैदानात जायची वेळ झाली होती. तिनं परात दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईतो तिला तीनदा टेकावं लागलं. फेरात उभी राहिली तेव्हा तिचे हात टाळीसाठी वर येईनात. बायका गात होत्या, गाणं चांगलं होतं, आणि ती मधोमध ठेवलेल्या त्या सरळ, देखण्या उतरंडीकडे बघत होती. इतर उतरंडी एव्हाना कुठे कुठे कलल्या होत्या, खचल्या होत्या. हिची कड जराही मोडली नव्हती.

४

पुढच्या दुपारी तिनं ऑफिसातून हुकाचा काटा घरी आणला. लहान खोकी टांगून बघायला तो काटा होता. मॅनेजरांना सांगितलं, गॅसची टाकी तपासायची आहे. सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या. परातीला तिनं दोरीची शिंकाळी केली, हूक अडकवला आणि काटा खिडकीच्या गजाला टांगून परात हळूच सोडली. काट्याचा दांडा शेवटपर्यंत खाली गेला आणि तिथंच थरथरत राहिला. पुढं आकडेच नव्हते.

तिनं परात धापा टाकत स्टुलावर परत ठेवली. फुलं. दोरा. एक पान. एक रिकामा डबा. तिनं मनातल्या मनात सगळं वेगवेगळं उचलून बघितलं. बेरीज जमेना.

काटाच बिघडला असेल. तिनं त्याला पाण्यानं भरलेली बादली लावून बघितली. काटा ठणठणीत होता.

मग तिनं ते केलं जे ती शंका आली की दिवसातून कैकदा करायची. बोटाचं पेर वाकवलं, फुलांच्या थरातून आत सारलं आणि डब्याच्या पत्र्यावर टकटक केलं. रिकामा डबा कसा वाजतो हे तिला माहीत होतं. हा भरलेला वाजला.

"कोण?" सासूबाई म्हणाल्या.

सून गर्रकन वळली. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. झोपेत बोलल्या असतील. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग, करू नये हे कळत असूनही, पुन्हा एकदा टकटक केलं. अगदी हलकेच.

"कोण आहे बाहेर?" सासूबाईंनी झोपेतच विचारलं.

सुनेनं हात मागे घेतला आणि तो पदरात गुंडाळून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिला भीती वाटत होती. तिनं ते नाकारलं नाही. नवऱ्याला फोन लावला आणि तो "हां, बोल" म्हणाला तेव्हा सांगण्यासारखं वाक्य तिला जुळवता आलं नाही. "येताना फुलं आणा," ती म्हणाली.

५

शिलाईकाकू मशीनवर वाकून कुणाच्या तरी झग्याची बाही लावत होत्या. सून दारातल्या वेताच्या मोड्यावर बसली आणि लांबून सुरुवात केली.

"काकू, उतरंड आतून पोकळ राहिली तर?"

काकूंनी मशीन थांबवलं नाही. "नाही भरली तर ती आपली आपण भरून घेते, असं जुन्या बायका म्हणायच्या. पोरींनी आळस करू नये म्हणून. आमच्या लहानपणी सगळ्यालाच काहीतरी म्हणायचे."

"कशानं भरून घेते?"

"उशाशी जे असेल त्यानं. मला काय माहीत बाई? मी कधी पोकळ ठेवली नाही." मशीन थांबलं. काकूंनी चष्म्याच्या वरून बघितलं. "का गं?"

"असंच. मग ती तळ्यात सोडलीच नाही तर?"

"लावलेली उतरंड घरात ठेवत नाहीत. पोकळ असेल तर मुळीच नाही. आज नाही तर उद्या ती भरतेच. पाण्यात गेली की सुटली." त्यांनी दोरा दातानं तोडला. "आणि जे आत असेल ते तिच्याबरोबर जातं. म्हणून तर फुलांचं फुलांतच घालायचं. दुसरं काही चालत नाही."

सून उठली. सासूबाईंनी तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कामावर धाडलं होतं, "चार बायका नावं ठेवतील, ठेवू दे, घराकडं मी बघते" म्हणून. त्यांच्याशी ती भांडायची, त्यांच्या नकला करायची, आणि त्या नसलेलं घर तिला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. उद्या शेवटचा दिवस होता.

"काकू, तुम्ही मानता हे?"

"छे! मानते कुठली?" काकू म्हणाल्या आणि पुढची बाही घेतली. "पण भरते."

६

शेवटच्या दिवशी तिनं रजा घेतली. उन्हं उतरायला लागली तेव्हा सासूबाईंच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. सासूबाई जाग्या होत्या, छताकडे बघत होत्या, चेहऱ्यावर गोड हसू. पांघरूण त्यांच्या अंगावरून सरळ गेलं होतं, जसं रिकाम्या पलंगावरून जातं.

"आई," सून म्हणाली, "मी उतरंड भरली नव्हती. आत डबा ठेवलाय."

सासूबाई छताकडेच बघत राहिल्या. त्यांना ऐकू गेलं असेल, पण फार लांबून.

सुनेनं पिवळं फूल उचललं. भोपळ्याचं पान उचललं. खाली डब्याचं झाकण चमकत होतं. त्यावर दव साचलं होतं, गरम भांडं झाकलं की साचतं तसं. तिनं नखं घालून ते उपटलं.

डबा रिकामा होता. तळाचा पत्रा स्वच्छ दिसत होता. पण आतून ऊब आली, आत्ताच कुणी उठून गेलेल्या अंथरुणाची असते तशी, आणि सासूबाईंच्या केसांच्या तेलाचा वास. सुनेला वाटलं की काठापाशी काहीतरी हललं. ते काय होतं हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं, फक्त मनगटाजवळून काहीतरी जड, मऊ, घाईघाईनं गेलं.

पलंग जिवाच्या आकांतानं करकरला.

"आई गं! मेले!" सासूबाई किंचाळल्या. "खुबा! अगं, कुणी आपटलं मला?"

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "झालं का गं वळवून?"

सून हसत होती आणि रडत होती. गादीला मधोमध खड्डा पडला होता, उशी दबली होती. तिनं सासूबाईंच्या दंडाला मिठी मारली, तो उचलायला गेली, आणि दंड शिशासारखा जड. इतकं छान तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग तिनं परातीकडे बघितलं. डबा तोंड उघडं टाकून बसला होता.

तिनं तो उपसून काढायचा प्रयत्न केला. निघेना. सुकलेली फुलं चिकटून बसली असतील. देठ आणि पानं केव्हाच कचऱ्यात गेली होती. तिनं रद्दी आणली आणि कागदाचे बोळे कोंबले, ऑफिसात कोंबते तसे, गच्च, झाकण मुश्किलीनं बसेपर्यंत. मग टकटक केलं. डबा रिकामा वाजला. तिनं झाकण काढलं, जुनं लुगडं कोंबलं, पुन्हा वाजवलं. रिकामा.

बाहेर बायका जमल्या होत्या. तिला हाक आली. सासूबाई कण्हत होत्या, त्यांच्या उशाशी स्टूल होतं आणि स्टुलावर ते होतं. ते तिथं आणखी एक क्षणही ठेवायचं नव्हतं, एवढं नक्की. तिनं विचार केला. इथून तळ्यापर्यंत जायचं, सोडायचं, परत यायचं. सासूबाईंचं एवढं व्हायला चार-पाच दिवस लागले होते. एवढ्याशा वेळात काय होणार?

तिनं झाकण लावलं, पान ठेवलं, फूल ठेवलं. परात उचलली. अगदी हलकी होती, फुलांचीच.

"दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस गं," सासूबाई दुखण्यातून म्हणाल्या. त्यांना काय समजलं होतं आणि काय नव्हतं, देव जाणे.

"नाही देत," सून म्हणाली.

७

तळ्याकडे जायचा रस्ता चढाचा आहे. बायका धापा टाकत होत्या, थांबत होत्या, एकमेकींचे हात धरत होत्या. सून पुढे निघून गेली होती. "काय गं, तरणीताठी!" कुणीतरी चेष्टा केली. परात हातात जड होत चालली होती, पण पायांना काही जाणवत नव्हतं. उलट पाय आपसूक पडत होते. शिलाईकाकू मागून आल्या. "दे इकडं, दमली असशील."

"नको काकू."

काकूंनी तिच्या कोपराला आधार म्हणून हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग त्या तिच्या बाजूनं चालत राहिल्या, थोडं अंतर ठेवून.

काठावर बायकांनी एकेक उतरंड पाण्यात सोडली. त्या डुलत डुलत आत गेल्या आणि पिवळ्या-पांढऱ्या रंगानं तळं भरून गेलं. सुनेला परात वाकवण्यासाठी गुडघे टेकावे लागले. तिची उतरंड पाण्याला लागली आणि तरंगली नाही. सरळ खाली गेली, उभीच्या उभी. वर एक पिवळं फूल राहिलं.

"दगड ठेवला होतास की काय आत?" एक बाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या. सूनही हसली.

सकाळी पार्सल ऑफिसचं शटर वर गेलं. ती चपला काढून काट्यावर उभी राहिली. मॅनेजरांनी चष्मा वर सरकवला, खाली घेतला, काट्याला एक थापटी मारली. मग स्वतः उभे राहिले. मग किल्ली शोधून काढली आणि खरी वजनं एकेक करून ठेवून बघितली. सगळी बरोबर आली. "तू पुन्हा उभी राहा बरं," ते म्हणाले आणि पुन्हा बघून म्हणाले, "घरी जा. आज राहू दे."

घरी सासूबाईंचं दुखणं जरा उतरलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि एक हात पांघरुणाबाहेर काढून ठेवला होता. पलंग त्यांच्या श्वासागणिक बारीक करकरत होता. सून त्यांच्या पायाशी बसली. चादरीवर सुरकुती पडली नाही. तिनं तिथे तळवा टेकवला, दाबला, उचलून बघितला, आणि मग हात मांडीवर घेतला.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, डोळे न उघडता. "आलीस का गं? बस ना जरा माझ्यापाशी."

"बसलेच आहे आई," ती म्हणाली.